लघवीच्या नळीमुळे होणाऱ्या इजा व प्रतिबंध

लघवी तुंबल्यावर, मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी किंवा अत्यवस्थ रुग्णाची लघवी मोजण्यासाठी मूत्राशयात कॅथेटर म्हणजे लघवीची नळी घालतात. नेहमीच्या वापरातली फोली नळी टोकाजवळच्या फुग्यामुळे आत टिकून राहते. हा फुगा मूत्राशयात पोचण्याआधी मूत्रमार्गातच फुगवला, तर मार्ग फाटतो, रक्त येते आणि पुढे व्रण आकसून लघवीची धार कायमची बारीक होऊ शकते. स्त्रियांचा मूत्रमार्ग सुमारे ४ सेंमी असतो. पुरुषांचा १८ ते २० सेंमी, वळणदार आणि प्रोस्टेट ग्रंथीतून जाणारा, त्यामुळे इजा मुख्यतः पुरुषांना होते.

प्रतिबंधाचा गाभा फुगा कधी फुगवायचा यात आहे. लिग्नोकेन जेली (बधिर करणारे मलम) मूत्रमार्गात सोडून काही मिनिटे थांबावे, शिश्न वर सरळ धरावे आणि नळी तिच्या बाहेरच्या टोकाकडील दुफाट्यापर्यंत आत सारावी. लघवीची धार दिसली तरी नळी तशीच पुढे न्यावी, कारण टोक मूत्राशयात आणि फुगा अजून प्रोस्टेटमध्ये, असे होऊ शकते. जेलीने छिद्र बुजल्यास धार उशिरा येते, म्हणून थोडे थांबावे. पण लघवी आल्याशिवाय फुगवू नये. फुगा साधारण १० मिली निर्जंतुक पाण्याने फुगवतात. फुगवताना दाब जाणवला किंवा रुग्ण कळवळला, तर लगेच थांबून पाणी परत ओढावे. खानदेशात हा रुग्ण अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणारा असू शकतो. ‘दुखलं की लगेच सांगा’ हे त्याला त्याच्या बोलीत आधीच सांगणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

प्रोस्टेट वाढलेल्या वृद्धात बारीक नळी अडथळ्यापाशी दुमडते. अशा वेळी वाकड्या टोकाची नळी उपयोगी पडते. जोर मात्र कधीच लावू नये. नळी जात नसेल तर वारंवार प्रयत्न न करता शल्यचिकित्सकाला बोलवावे. गरज पडल्यास ओटीपोटातून मूत्राशयात नळी घालता येते. मुंबई–आग्रा किंवा सुरत–नागपूर महामार्गावरील अपघातात कंबरेचे हाड मोडलेल्या रुग्णाच्या मूत्रद्वाराशी रक्त दिसल्यास मूत्रमार्गाचा क्ष-किरण तपास होईपर्यंत नळी घालू नये.

नळी घालताना मागे सारलेली शिश्नाची कातडी पूर्ववत करणे घाईत राहून जाते; मग ती अडकून सूज येते.

धडगाव–अक्कलकुव्याकडून घाटरस्त्याने नंदुरबार किंवा धुळ्याला रुग्ण पाठवताना नळी मांडीला चिकटपट्टीने सैलसर बांधावी, अन्यथा धक्क्यांनी ती ओढली जाते. पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकता ठेवावी. भ्रमात असलेला रुग्ण फुगलेल्या फुग्यासकट नळी उपसतो, म्हणून त्याच्याजवळ नातेवाईक बसवावा आणि नळीची गरज संपली का, हे डॉक्टरांनी रोज पाहावे. घरी नळी कापून काढू नये. आधी सिरिंजने फुगा रिकामा करावा लागतो, आणि ते काम परिचारिकेकडूनच करून घ्यावे.