पांढरी एक, काळी एक आणि भीती

भयपटांच्या पार्श्वसंगीतात १९ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १९ कंपनांचा, एक गुप्त आवाज मिसळलेला असतो, तो ऐकू येत नाही पण त्यानेच माणूस घाबरतो, भुतंसुद्धा दिसतात, असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरत असतो. खाली एक क्लिपही जोडलेली असते. मुळात मोबाइलचा इवलासा स्पीकर १९ हर्ट्झचा आवाज काढूच शकत नाही. या गोष्टीचा उगम १९९८ सालच्या एका लेखात आहे. इंग्लंडमध्ये विक टँडी नावाच्या अभियंत्याला प्रयोगशाळेत डोळ्याच्या कडेला करडी आकृती दिसली. शोध घेतल्यावर तिथल्या पंख्यामुळे खोलीत साधारण १९ हर्ट्झची कंपनं उभी राहत असल्याचं त्याला आढळलं. भूत म्हणून हात जोडण्याऐवजी त्याने पंखा तपासला, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. आपल्याकडे अजूनही अशा वेळी आधी भगताकडे नारळ जातो. पण एका खोलीतल्या अनुभवावरून सगळ्या भयपटांचा नियम काढता येत नाही.

भीतीचं खरं कारण चांगलं ऐकू येण्यासारखं आहे, आणि गावच्या मंदिरातल्या भजनाच्या पेटीवर ते कुणालाही तपासता येईल. मध्य सप्तकातली पांढरी एक आणि तिला लागून असलेली काळी एक, दोन्ही पट्ट्या एकदम दाबून भाता हलवा. पांढरी एकला षड्ज मानलं तर हा झाला सा आणि कोमल रे. आवाज खरखरीत होतो, थरथरतो, नकोसा वाटतो. आता काळी सोडा आणि पांढरी एकबरोबर पांढरी पाच, म्हणजे पंचम, दाबा. खरखर गेली.

असं का होतं? जळगाव-भुसावळकडच्या मे महिन्यात एकाच हॉलमध्ये दोन कूलर चालू असले की त्यांची घरघर सरळ येत नाही. ती वाढते, ओसरते, पुन्हा वाढते. दोन्ही मोटरींच्या वेगात किंचित फरक असतो, त्यामुळे त्यांच्या ध्वनिलहरी कधी एकमेकींना जोर देतात तर कधी एकमेकींना मारतात. ही स्पंदनं. दर सेकंदाला ती किती होतात? दोन्ही आवाजांच्या वारंवारतांमध्ये, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्यांमध्ये, जेवढा फरक, तेवढी. पांढरी एक साधारण २६२ हर्ट्झ आणि काळी एक २७७, म्हणजे सेकंदाला सुमारे १५ स्पंदनं. इतकी सुटी सुटी मोजणं कानाला जमत नाही, आणि ती एकजीवही होत नाहीत. उरते ती खरखर.

पेटीच्या एका स्वरात त्याच्या दुपटीचे, तिपटीचे, चौपटीचे उपस्वरही मिसळलेले असतात. दुपटीच्या उपस्वरांमधला फरक होतो ३० च्या आसपास, तिपटीच्यांमधला ४५, चौपटीच्यांमधला ६०. म्हणजे दोन पट्ट्यांमधून एकाच वेळी खरखरीचे अनेक थर निघतात! जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८६३ साली नेमकं हेच मांडलं होतं. सेकंदाला ३३ च्या आसपास स्पंदनं सर्वांत कर्कश लागतात, असा त्याचा अंदाज होता.

पुढचा भाग कानाच्या आत घडतो. आतल्या कानातल्या शंखाकृती कॉक्लियात सुमारे ३५ मिलिमीटर लांबीचा पडदा असतो. उंच स्वर त्याच्या एका टोकाला हलवतो, खर्जातला स्वर दुसऱ्या टोकाला. जॉर्ज फॉन बेकेशीला याच शोधासाठी १९६१ चं नोबेल मिळालं. दोन स्वर या पडद्यावर साधारण मिलिमीटरभर अंतराच्या आत पडले, तर त्यांच्या लाटा एकमेकींत घुसतात आणि तिथल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी दोन्ही स्वर वेगळे काढू शकत नाहीत. या मिलिमीटरभर जागेत वारंवारतांचा जो पट्टा मावतो, त्याच्या साधारण पाव भागाइतकं अंतर दोन स्वरांत असलं की खरखर कमाल होते, हे प्लॉम्प आणि लेव्हेल्ट या डच संशोधकांनी १९६५ साली दाखवलं. पेटीच्या मध्य सप्तकात लगतच्या दोन पट्ट्या त्या पाव भागाच्या आसपासच पडतात. पंचम मात्र त्या पट्ट्याच्या बाहेर जातो, शिवाय त्याचा दुपटीचा उपस्वर षड्जाच्या तिपटीच्या उपस्वरावर जवळजवळ बरोबर बसतो.

पण खरखरीने भीती का वाटावी? २०१५ साली ल्यूक आर्नाल आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या किंकाळ्या तपासल्या. साध्या बोलण्यात आवाजाचा चढउतार सेकंदाला चार-पाच वेळा होतो, किंकाळीत ३० ते १५० वेळा. मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे धोक्याची दखल घेणारा भाग, या खरखरीला जास्त प्रतिसाद देतो. अमेरिकेत जीवशास्त्रज्ञ डॅनियल ब्लमस्टाइनने खारीच्या कुळातल्या मार्मोटची पिल्लं पकडल्यावर कशी ओरडतात ते अभ्यासलं. घशातून पूर्ण जोर लावला की आवाज फाटतो, बेसूर होतो. यावल-पालकडच्या सातपुड्यात बिबट्या दिसल्यावर वानराने दिलेला घोगरा इशारा ज्याने ऐकलाय, त्याला हे वेगळं सांगायला नको. ब्लमस्टाइनने पुढे २०१० साली शंभरावर चित्रपटांचं ध्वनिमुद्रण तपासलं, तर भयपटांत असे फाटलेले, गोंगाटी आवाज नेमक्या प्रसंगी पेरलेले आढळले.

दिग्दर्शक हिचकॉकच्या १९६० च्या ‘सायको’ या भयपटाचं सगळं संगीत बर्नार्ड हरमनने फक्त तंतुवाद्यांवर बांधलं. न्हाणीघरातल्या खुनाच्या प्रसंगाला संगीतच नको, असं हिचकॉकचं आधी मत होतं. हरमनने तिथे व्हायोलिनच्या वरच्या टोकाचे बेसूर, घासलेले स्वर एकावर एक रचले. त्या किंकाळ्या व्हायोलिनच्याच आहेत.

हे सगळं सवयीचं असतं, असा आक्षेप घेतला जातो. तो अर्धाच खरा आहे. बोलिव्हियाच्या जंगलातल्या त्सिमाने लोकांना पाश्चात्त्य संगीतातले गोड आणि कर्कश स्वरमेळ सारखेच आवडतात, पण खरखर त्यांनाही आवडत नाही, हे २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं. म्हणजे स्वरमेळांची आवड शिकलेली असू शकते, खरखरीचा त्रास मात्र त्याहून खोलवरचा दिसतो.

मग लग्नाच्या वरातीतल्या बँडच्या फाटक्या ट्रम्पेटने कुणी का घाबरत नाही? कारण अमिग्डाला फक्त ‘इकडे लक्ष दे’ एवढंच सांगतो. धोका आहे की नाही, हे समोरचं दृश्य ठरवतं. पडद्यावर अंधारी वाट असली आणि खाली ही बारीक खरखर चालू असली, की शेजारचा प्रेक्षक ‘आते काय व्हई?’ म्हणत पुढे सरकून बसतो.

आज अहिराणीत कितीतरी तरुण मोबाइलवर लघुपट करतायत. तणावाचा प्रसंग आला की ते बाजारातला तयार धडामधूम ट्रॅक आवाज वाढवून लावतात. त्यांनी एकदा पेटीवरच्या दोन लगतच्या पट्ट्या हळू आवाजात, संवादाच्या खाली धरून पाहाव्यात. आवाज कमी केला तरी स्पंदनांचा वेग बदलत नाही. आणि प्रसंग सुटताना काळी एक सोडून द्यावी, नुसता षड्ज चालू ठेवावा.