पंखे वाढवा, आवाज कमी होईल

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागाच्या कारखान्याला भिंत लावून. दिवसभर मागांचा खडखडाट चालू असतो, त्यात घरातला दुसरा कुठलाच आवाज वेगळा कळत नाही. रात्री माग थांबले की गल्ली शांत होते, आणि नेमका तेव्हाच भाच्याचा कॉम्प्युटर ऐकू यायला लागतो. तो थ्रीडी ॲनिमेशनची कामं घेतो. एकेक दृश्य तयार व्हायला तासन् तास लागतात, म्हणून मशीन रात्रीच लावून ठेवतो. त्याच खोलीत माझी आई झोपते. तिचं अर्धं आयुष्य मागावर गेलंय. गेल्या मे महिन्यात एका रात्री ती उठून बसली आणि म्हणाली, "कारखाना बंद झाला, आता तुझा माग चालू झाला होय रे?"

दुसऱ्या दिवशी भाचा मला म्हणाला, "मामा, वॉटर कूलिंग करून टाकू. पाण्यावर गेलं की आवाजच नाही."

बऱ्याच जणांची समजूत अशीच असते आणि ती अर्धीच खरी आहे. पाणी उष्णता नाहीशी करत नाही. ते फक्त ती उचलतं आणि दुसरीकडे नेऊन टाकतं. शेवटी उष्णता हवेतच सोडायची असते आणि ते काम पंख्यांनाच करावं लागतं. तरीही पाण्यावरचं मशीन शांत होऊ शकतं. त्याचं कारण पंख्याच्या गणितात आहे.

पंखा किती हवा ढकलतो हे त्याच्या वेगाच्या सरळ प्रमाणात असतं. वेग निम्मा केला की हवा निम्मी. आवाजाचं तसं नाही. हवा कापताना पंख्यातून निघणारी ध्वनीची ऊर्जा साधारणपणे वेगाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात बदलते. म्हणजे वेग निम्मा केला की ध्वनीची ऊर्जा जवळजवळ बत्तिसाव्या हिश्शावर येते, डेसिबलमध्ये सांगायचं तर १५ डेसिबलनं उतरते. हवा निम्मी झाली ना, मग दुसरा तसाच पंखा शेजारी लावा. हवा पुन्हा पहिल्याइतकी झाली. दोन पंख्यांमुळे आवाज ३ डेसिबलनं वाढला, तरी एकूण १२ डेसिबलची बचत उरलीच. आणि १० डेसिबल कमी झाले की आपल्या कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. चार पंखे पाव वेगानं फिरवले तर कागदावर हीच बचत २४ डेसिबलवर जाते. तेवढीच हवा, तेवढीच उष्णता बाहेर, आणि पंखे जास्त असूनही शांतता जास्त. हे गणित मी भाच्याला वहीच्या मागच्या पानावर करून दाखवलं, तेव्हा त्यानं ते दोनदा तपासून घेतलं.

आता अडचण अशी की प्रोसेसरची किंवा ग्राफिक्स कार्डाची चिप असते पोस्टाच्या तिकिटाएवढी. तिच्यावर आठ पंखे कसे बसवणार? इथे पाणी कामाला येतं. ते उष्णता चिपवरून उचलतं आणि जिथे आठ पंख्यांना ऐसपैस जागा आहे तिथे नेतं. शांतता मिळते ती मोठ्या रेडिएटरमुळे (पाण्यातली उष्णता हवेत सोडणारी पातळ पात्यांची जाळी) आणि सावकाश फिरणाऱ्या पंख्यांमुळे. पाण्याचं काम हमालाचं. पण हमाल फार ताकदीचा आहे. भाच्याचं मशीन पूर्ण कामात असताना ४०० वॉटच्या आसपास उष्णता टाकतं. ती हवेनं वाहून न्यायची आणि हवा ५ अंशांहून जास्त तापू द्यायची नाही असं ठरवलं, तर सेकंदाला ६७ लिटर हवा सरकवावी लागते. पाण्यानं न्यायची तर सेकंदाला २० मिलिलिटरही लागत नाही, चहाचे चार चमचे धरा. एक लिटर पाणी एक लिटर हवेच्या जवळपास साडेतीन हजार पट उष्णता पोटात घेतं. आयबीएमनं १९८० मध्ये आणलेल्या ३०८१ या मोठ्या संगणकातही चिपांची उष्णता पाण्यानंच नेली जायची.

यावरूनच एक गोष्ट सुटते, जिच्यावर लोक उगीच वाद घालतात. पंप किती मोठा घ्यायचा? मिनिटाला एक लिटर पाणी फिरत असेल, तर ते दर अंशामागे ७० वॉट नेतं. मिनिटाला तीन लिटर फिरलं, तर ४०० वॉटला पाणी वाटेत फक्त दोन अंशांनी तापतं. म्हणजे आधी प्रोसेसर की आधी ग्राफिक्स कार्ड, मध्ये रेडिएटर की शेवटी, या क्रमानं फारसा फरक पडत नाही. नळी जिथून आखूड आणि सरळ जाईल तिथून न्यावी. आणि पंप पूर्ण वेगानं पळवायचं काही कारण उरत नाही. वेग निम्म्यावर आणला की त्याची किरकिरही बसते.

पुढचा हिशेब रेडिएटरचा. १२० मिलिमीटरचा एक पंखा मिनिटाला सातशे-आठशे फेऱ्या घेत असेल, आणि पाणी खोलीतल्या हवेपेक्षा १० अंशांनी गरम असेल, तर रेडिएटरचा तेवढा भाग ढोबळ मानानं ५० ते ६० वॉट सोडतो. ४०० वॉटला असे सात-आठ भाग हवेत. आमच्या कॅबिनेटमध्ये तीन-तीन पंख्यांचे दोन रेडिएटर बसत होते, म्हणजे सहाच. मग काय होईल? काही बिघडत नाही. पाणी थोडं आणखी तापेल आणि फरक १० ऐवजी १२-१३ अंशांवर जाऊन स्थिरावेल, कारण फरक वाढला की उष्णता सोडण्याचं प्रमाणही वाढतं.

सोलापुरात मात्र हा फरक कशावर चढतो ते आधी बघावं लागतं. थंड देशातल्या माणसानं खोली २१ अंशांची धरून केलेला हिशेब आपल्याला लागू पडत नाही. इथे मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असतात, आणि दुपारी पत्र्याखालची नाही पण स्लॅबची खोलीसुद्धा ३६-३७ वर बसलेली असते. त्यावर बारा अंश, म्हणजे पाणी ४८-४९ वर. त्याच्यावर चिप आणखी तीसेक अंशांनी गरम, म्हणजे ८०. आताचे प्रोसेसर ९५-१०० अंशांच्या आसपास गेल्यावर स्वतःहून वेग कमी करतात, तेव्हा चिपच्या बाजूनं आपण सुरक्षित आहोत. जपायचं असतं ते पंपाला आणि नळ्यांना. अशा लूपमध्ये, म्हणजे पाणी फिरत राहणाऱ्या चक्रात, सर्रास वापरला जाणारा डी५ पंप ६० अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी असतो. पेटजी नावाच्या प्लास्टिकच्या कडक पारदर्शक नळ्या दिसायला सुंदर, पण गरम पाण्यात मऊ पडायची भीती, आणि मऊ पडली की नळी फिटिंगमधून निसटू शकते. आम्ही काळ्या ईपीडीएम रबरी नळ्या घेतल्या. भाचा थोडा हिरमुसला. पण सोलापूरच्या उन्हाळ्यात मी तरी दुसऱ्या कुणालाही हाच सल्ला देईन.

आईनं विचारलं, "माठातलं पाणी तर मे महिन्यात पण गार होतं, मग ह्याचं का होत नाही?" प्रश्न अगदी मर्माचा आहे. माठ पाझरतो. पाझरलेलं पाणी वाफ होऊन जाताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं, म्हणून माठ हवेपेक्षाही गार होतो. एक लिटर पाणी वाफ होताना जेवढी उष्णता नेतं, तेवढ्यात पाच लिटरहून जास्त पाणी शून्यावरून उकळीपर्यंत तापेल. सोलापूरजवळच्या फताटेवाडीच्या १३२० मेगावॉटच्या औष्णिक केंद्रातले कूलिंग टॉवर हेच करतात, आणि त्यासाठी उजनीचं पाणी खर्ची पडतं. आपली लूप बंद असते. तिच्यातून काही उडून जायचं नसतं, म्हणून तिचं पाणी खोलीतल्या हवेच्या खाली कधीच येऊ शकत नाही. त्या बदल्यात एकदा लिटरभर भरलं की वर्ष निघतं. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात हे सांगायलाच हवं, कारण "एवढं पाणी आणायचं कुठून" असं मला दोघांनी विचारलं होतं.

खोलीत कूलर लावला तर फायदा होतो. खोली जितके अंश उतरेल तितके अंश पाणीही उतरतं. पण कूलरच्या आवाजापुढे बाकीची शांतता कुठे उरते! बर्फ टाकून किंवा चिलर लावून पाणी गार करायच्या भानगडीत तर पडूच नये. जुलैच्या दमट हवेत पाणी दवबिंदूच्या खाली गेलं की चिपवर बसवलेल्या वॉटर ब्लॉकवर, नळीवर दव जमतं आणि थेंब बोर्डावर. आणखी एक गोष्ट. वॉटर कूलिंगनं खोली गार होत नाही. ४०० वॉट म्हणजे चार माणसं खोलीत बसून आहेत एवढी उष्णता, आणि ती पूर्वीइतकीच खोलीत येत राहते.

पाणी कुठलं भरायचं, यात तडजोड नाही. आमच्याकडे बोअरच्या पाण्यानं गीझरच्या कॉईलवर पांढरा थर कसा चढतो ते घरोघरी ठाऊक आहे. वॉटर ब्लॉकच्या पोटात तांब्याच्या पट्ट्या असतात, आणि दोन पट्ट्यांमधली फट मिलिमीटरच्या काही दशांशांची. तिथे क्षार बसला तर ब्लॉक तुंबलाच समजा. आरओचं पाणीही पुरेसं शुद्ध नसतं. डिस्टिल्ड पाणी घ्यावं, त्यात गंज रोखणारं आणि शेवाळ न धरू देणारं रसायन योग्य मापात टाकावं, किंवा सरळ तयार कूलंट आणावं. आणि ब्लॉक तांब्याचा असेल तर रेडिएटर ॲल्युमिनियमचा नको. दोन वेगळे धातू एकाच पाण्यात आले की ती बॅटरीच होते, आणि त्यात ॲल्युमिनियम झिजत जातं.

जोडणी झाल्यावरची रात्र मला अजून आठवते. मदरबोर्डाला वीज न देता फक्त पंप चालवायचा आणि प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवून चोवीस तास बघत राहायचं, असा शिरस्ता आहे. आम्ही खाली चादर टाकून बसलो होतो. पंपात हवा अडकली होती. खुळखुळ, खुळखुळ असा आवाज, जसा नळाला पाणी यायच्या आधी येतो. कॅबिनेट हळूच एका बाजूला कलतं केलं, मग दुसऱ्या. दर वेळी रेडिएटरमधून बुडबुड्यांची माळ टाकीत यायची आणि पातळी बोटभर उतरायची. पुन्हा भरायचं. पहाटे तीनच्या सुमारास ग्राफिक्स कार्डाच्या जोडाखालचा कागद कोपऱ्यात ओला दिसला. फिटिंग खोललं. जोडातली रबरी ओ-रिंग एका जागी चिरडली होती. चूक माझीच, हातानं आवळायचं ते मी पान्यानं आवळलं होतं. नवी रिंग घातली, बोटांनीच आवळलं, आणि चोवीस तास पुन्हा पहिल्यापासून मोजले. डिस्टिल्ड पाणी विजेला वाहू देत नाही म्हणून निर्धास्त राहणारे लोक असतात. पण धुळीचे आणि धातूचे अंश मिसळले की ते तसं राहत नाही.

मशीन चालू झालं तेव्हा पहिल्या दिवशी भाच्याची निराशा झाली, कारण पंखे तरीही मध्येच घोंघावत होते. ते प्रोसेसरच्या तापमानावर जोडलेले होते. चिपचं तापमान एका सेकंदात वीस-तीस अंश उडी मारतं आणि पंखे त्याच्यामागे धावतात. पाण्याचं तसं नसतं. लूपमधलं लिटरभर पाणी ४०० वॉटवर, थंड होण्याची काहीच सोय नसती तरी, एक अंश तापायला दहा सेकंद घेईल. म्हणून लूपमध्ये पाण्याच्या तापमानाचा सेन्सर बसवायचा आणि पंखे त्याच्यावर चालवायचे. आमचे ४० अंशांखाली पाचशे फेऱ्यांवर आणि ५० अंशांना आठशेवर असतात, मधली चढण अगदी सावकाश. एकसुरी मंद आवाजाला कान सरावतो, चढउताराला नाही. माझ्या मते सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त उपयोग या छोट्या सेन्सरचा झाला.

पंख्यांचा आवाज गेला आणि आतापर्यंत त्याच्याखाली दडलेले आवाज वर आले. पंपाची थरथर कॅबिनेटच्या पत्र्याला मिळायची आणि पत्रा हलगीसारखा ती मोठी करायचा. पंपाखाली मऊ स्पंज घातला, कॅबिनेटच्या चार पायांखाली जुन्या सोलापुरी चादरीच्या चौपदरी घड्या ठेवल्या, आणि ती जवळजवळ नाहीशी झाली. जुनी हार्ड डिस्क काढली. ग्राफिक्स कार्डाच्या कॉईलची बारीक शीळ मात्र राहिली. तिच्यावर पाण्याचा इलाज नाही.

नुसता प्रोसेसरच तापत असेल, तर प्रोसेसरवर बसणारा मोठा एअर कूलर आणि एक सावकाश पंखा कितीतरी कमी पैशात तेवढीच शांतता देतो. खर्च आणि दगदग सार्थकी लागते ती ग्राफिक्स कार्ड रात्र-रात्र राबणार असेल तर.

रेडिएटर घेताना आम्ही विरळ पात्यांचा घेतला. पंख्याचा दाब वेगाच्या वर्गानं घटतो, त्यामुळे सावकाश फिरणाऱ्या पंख्याला दाट पात्यांतून हवा रेटता येत नाही. पूर्व भागात आणखी एक कारण आहे. हवेत सुताची रुई असते. आमच्या जुन्या हीटसिंकवर, म्हणजे चिपवरच्या धातूच्या पात्यांवर, ती पिंजलेल्या कापसासारखी थर धरून बसली होती. आता हवा आत घेणाऱ्या जागी जाळी आहे आणि दर पंधरा दिवसांनी आई ती स्वतः मागून घेते. अंगणात झटकायच्या आधी चिमटीत रुई धरून उजेडात बघते, आणि शेजारी सध्या कुठल्या रंगाचं सूत चढलंय ते सांगते. परवा म्हणाली, "डाळिंबी लावलंय."