नरक्या : लागवड व प्रक्रिया संशोधन

नरक्या (नोथापोडायटिस निम्मोनियाना) हे पश्चिम घाटातील सदाहरित व निमसदाहरित जंगलांत वाढणारे छोटे झाड. काही भागांत त्याला अमृता म्हणतात. गळालेल्या पानांच्या देठांचे ठळक वण फांदीवर राहतात, पाने फांदीच्या टोकाशी दाटीने येतात आणि पिवळसर फुलांना दुर्गंधी असते. पिकलेले फळ जांभळट-काळे, आत एकच बी.

कॅम्प्टोथेसिन या कर्करोगविरोधी अल्कलॉइडमुळे (वनस्पतीत तयार होणाऱ्या नत्रयुक्त द्रव्यामुळे) नरक्याला मोल आले. हे द्रव्य १९६६ मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल आणि मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी या रसायनशास्त्रज्ञांनी एका चिनी वृक्षातून वेगळे केले. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी ते नरक्यात असल्याचे दाखवले. गोविंदाचारी तेव्हा सिबा या औषध कंपनीच्या गोरेगाव येथील संशोधन केंद्राचे प्रमुख होते. चिनी वृक्षापेक्षा नरक्यात त्याचे प्रमाण जास्त भरते, आणि तेच या झाडाच्या मुळावर आले.

कारखान्यात वाळलेल्या लाकडाचा चुरा मिथेनॉलसारख्या द्रावकात भिजवून अर्क काढतात. कॅम्प्टोथेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण अल्कलीत त्याच्या रेणूतले ‘लॅक्टोन’ नावाचे अणूंचे कडे (वलय) उघडते आणि ते विरघळते. आम्ल घातले की कडे पुन्हा मिटते व द्रव्य साक्याच्या (तळाशी बसणाऱ्या गाळाच्या) रूपात वेगळे होते. शुद्ध स्फटिक फिकट पिवळे असून अतिनील प्रकाशात निळे चमकतात. कडे उघडण्या-मिटण्याचा हा गुण शुद्धीकरणाला सोयीचा, पण औषधाला मात्र नडला. सुरुवातीच्या चाचण्यांत कडे उघडलेले विद्राव्य सोडियम लवण रुग्णांना दिले गेले. त्याचा प्रभाव कमी पडला, मूत्राशयाला इजा होऊ लागली आणि १९७०च्या दशकात त्या चाचण्या थांबल्या. पुढे टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन ही सुधारित औषधे आली. १९९६ मध्ये अमेरिकेत दोन्हींना मान्यता मिळाली. टोपोटेकॅन अंडाशयाच्या, तर इरिनोटेकॅन मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर वापरतात.

औषधांची मागणी वाढली तशी तोडही वाढली. द्रव्य मुळांत आणि खोडात अधिक, त्यामुळे झाडे बुंध्यासकट उपटली गेली. सातारा, कोल्हापूर, सिंधुदुर्गच्या जंगलांतून होणाऱ्या चोरट्या वाहतुकीची प्रकरणे वनखात्याने वेळोवेळी पकडली आहेत. एका झाडाबरोबर त्याचे पुढचे सगळे बीही जाते, हे नुकसान पकडलेल्या मालाच्या वजनात दिसत नाही.

लागवडीची खरी अडचण झाडाझाडांतल्या फरकाची आहे. शेजारशेजारच्या दोन झाडांतही कॅम्प्टोथेसिनचे प्रमाण बरेच वेगळे निघते, आणि फळ सगळ्याच झाडांना धरत नाही. म्हणून सरसकट बी गोळा करून रोपवाटिका लावण्यापेक्षा भरपूर द्रव्य देणारी झाडे आधी तपासून निवडणे आणि त्यांचीच कलमे किंवा ऊतिसंवर्धित (प्रयोगशाळेत झाडाच्या ऊतीच्या तुकड्यापासून वाढवलेली) रोपे वाढवणे अधिक शहाणपणाचे. पाने व कोवळ्या फांद्यांत द्रव्य कमी असते, तरी ती पुन्हा पुन्हा छाटता येतात. जंगल राखायचे असेल तर संशोधनाचा मोठा वाटा या छाटणीच्या अभ्यासावर खर्च व्हायला हवा.

दुसरी वाट सूक्ष्मजीवांची. नरक्याच्या ऊतींत राहणारी एक बुरशी स्वतंत्रपणे वाढवली असताही कॅम्प्टोथेसिन तयार करते, असे जम्मूच्या संशोधकांनी २००५ मध्ये नोंदवले. मात्र अशा बुरशा झाडाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्या की त्यांचे उत्पादन घटत जाते, असा अनुभव आहे. त्यामुळे सध्या तरी झाडाला पर्याय नाही.