एका सर्पिनची अनेक सर्पिन कशी झाली?

फुप्फुसात जंतू शिरले की पांढऱ्या पेशी तिथे धावून जातात आणि इलास्टेज नावाचे विकर (एन्झाइम) सोडतात. हे विकर प्रथिने कापते. जंतूंची कापते, तशीच फुप्फुसाला लवचीक ठेवणारी आपली स्वतःचीही. त्याला आवर घालण्यासाठी यकृत अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे प्रथिन सतत रक्तात सोडत असते. प्रथिने कापणाऱ्या विकरांना रोखणाऱ्या अशा रेणूंना प्रोटिएज इनहिबिटर म्हणतात. अँटिट्रिप्सिन त्यांच्यातल्या सर्पिन या कुळातले. या कुळाची माणसात तीसहून अधिक जनुके आहेत.

सर्पिनचे काम उंदराच्या सापळ्यासारखे चालते. त्याच्या अंगाबाहेर अमिनो आम्लांचे, म्हणजे प्रथिनाच्या घटकांचे, एक लूप (वळसा) डोकावत असते. विकर ते कापायला जाते आणि कापताक्षणी तुटलेले लूप प्रथिनाच्या आत घुसते. त्याला चिकटलेले विकर पार दुसऱ्या टोकापर्यंत खेचले जाते आणि त्याची रचनाच मोडते. सर्पिनही त्यात खर्ची पडते.

कोणते विकर अडकणार, हे मुख्यतः त्या लूपमधल्या एका अमिनो आम्लावर ठरते. याचा पुरावा १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या पिट्सबर्गमधल्या एका मुलाच्या नोंदीत आहे. त्याच्या अँटिट्रिप्सिनमध्ये ३५८व्या जागी मेथिओनिनऐवजी आर्जिनिन आले होते. एवढ्याने ते प्रथिन इलास्टेज सोडून रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनला पकडू लागले. दुखापत झाली की यकृत अँटिट्रिप्सिन वाढवते. म्हणजे रक्त गोठण्याची गरज असे नेमक्या त्याच वेळी ते रोखणारे प्रथिन त्याच्या शरीरात वाढत होते. चौदाव्या वर्षी रक्तस्रावाने तो दगावला.

जनुक एकच असेल तर असा बदल जिवावर बेततो. पण त्याच जनुकाची जादा प्रत असेल तर? एक प्रत जुने काम सांभाळते, दुसरी बदलायला मोकळी राहते. अशा प्रती तयार होतात त्या बहुधा गुणसूत्रांच्या देवाणघेवाणीतल्या चुकीमुळे. एकसारखी जनुके शेजारी शेजारी असली की दोन गुणसूत्रांची जुळणी सरकते, एकाला जादा प्रत मिळते, दुसऱ्याची जाते. एकदा दोन प्रती झाल्या की पुढची घसरण आणखी सोपी. बऱ्याच प्रती बिघडून निकामी होतात, काही टिकतात. माणसाच्या १४व्या गुणसूत्रावर ११ सर्पिन जनुके अशीच एका रांगेत आहेत. त्यांतल्या अँटिकायमोट्रिप्सिनचे माणसात एकच जनुक आहे. उंदरात त्याच्या जागी डझनाहून अधिक आहेत.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते या प्रतींमध्ये बदल कुठे साचतात हे. प्रथिनाचा महत्त्वाचा भाग उत्क्रांतीत सहसा जसाच्या तसा जपला जातो. इथे उलटे आहे. हिल आणि हेस्टी या संशोधकांनी १९८७ साली दाखवले की उंदीरवर्गीय प्राण्यांच्या सर्पिनमध्ये बाकीच्या सांगाड्यापेक्षा लूपचा भागच झपाट्याने बदलला आहे. सापळा तोच, आमिष सतत नवे! ही सर्पिन परजीवींची विकरेही रोखत असतील आणि ती विकरे बदलत असतील तर हे साहजिक आहे. वनस्पतींमध्ये तर अशी चढाओढ थेट दिसते: झाड इनहिबिटर बनवते, तर काही अळ्या त्याला दाद न देणारी विकरे आतड्यात सोडू लागतात.

काही प्रतींनी विकरे पकडणेच सोडून दिले. अंड्याच्या पांढऱ्या भागातले ओव्हअल्ब्युमिन हे सर्पिनच आहे, पण ते कोणालाच रोखत नाही. १४व्या गुणसूत्रावरच्या त्याच रांगेतले आणखी एक सर्पिन रक्तातून कॉर्टिसोल हे संप्रेरक वाहून नेते. तेही विकरे पकडत नाही, पण जुने लूप त्याच्या अंगावर अजून आहे. जिथे दाह असतो तिथे इलास्टेज ते कापते, प्रथिनाचा आकार बदलतो आणि दाह शमवणारे कॉर्टिसोल तिथेच मोकळे होते.