घरी बनवलेल्या ॲम्प्लिफायरचा पॉवर सप्लाय

२३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या घरगुती विजेपासून ॲम्प्लिफायरला लागणारा डीसी पुरवठा तयार करणारा भाग. जुन्या पद्धतीच्या सप्लायमध्ये ट्रान्सफॉर्मर, एसीचे डीसी करणारा चार डायोडांचा ब्रिज रेक्टिफायर आणि ते डीसी सपाट करणारा फिल्टर कपॅसिटर एवढेच असते. त्याऐवजी तयार एसएमपीएसही (स्विचिंग पद्धतीचा हलका सप्लाय) वापरतात. ॲम्प्लिफायरचे तयार बोर्ड स्वस्तात मिळू लागल्यापासून हौशी कारागिराचा निम्म्याहून जास्त खर्च सप्लायवरच होतो. बोर्ड जळतात तेही बहुतेक वेळा सप्लायची निवड चुकल्यामुळेच.

निवडीची सुरुवात स्पीकरपासून करावी, ट्रान्सफॉर्मरच्या दुकानापासून नव्हे. शिखर व्होल्टेजच्या वर्गाला ओहमच्या दुपटीने भागले की वॅट मिळतात. म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरला ४० वॅट द्यायचे तर सिग्नलचे शिखर सुमारे २५ व्होल्टपर्यंत गेले पाहिजे. ॲम्प्लिफायरची आयसी (बोर्डावरची मुख्य चिप) स्वतःसाठी तीन-चार व्होल्ट राखून ठेवते, कपॅसिटरवरच्या चढउतारात आणखी दोन-तीन जातात. तेव्हा पूर्ण आवाजातही अधिक-उणे ३० ते ३२ व्होल्ट, म्हणजे शून्याच्या वर आणि खाली दोन्ही बाजूंना तेवढे, टिकायला हवेत. ४० वॅट थोडे वाटतील. विसर्जन मिरवणुकीतल्या डॉल्बीच्या भिंतींनी कोल्हापूरकरांचे वॅटचे गणित पुरते बिघडवले आहे, आणि पेट्यांवर छापलेल्या ‘पीएमपीओ’च्या (क्षणिक शिखराच्या फुगवलेल्या वॅटच्या) हजारी आकड्यांनी उरलेसुरले. बैठकीच्या खोलीला ४० वॅट पुष्कळ होतात. त्याचे ८० केले तरी फरक पडतो तो फक्त ३ डेसिबलचा.

एवढ्या व्होल्टेजसाठी २४-०-२४ चा, म्हणजे मधल्या तारेच्या दोन्ही बाजूंना २४-२४ व्होल्ट एसी देणारा, ट्रान्सफॉर्मर येतो. २४ ला १.४१४ ने गुणले की एसीचे शिखर, ३३.९ व्होल्ट, मिळते, त्यातून डायोडचा साधारण एक व्होल्ट वजा जातो. बहुतेकांचा हिशेब इथेच थांबतो, पण खरा धोका याच्या पुढे आहे. ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले २४ व्होल्ट हे पूर्ण भार असतानाचे असतात. भार नसताना मध्यम आकाराचा ट्रान्सफॉर्मर आठ-दहा टक्के जास्त देतो. शिवाय लाइनचे २३० कधी २५० होतात. दोन्ही एकत्र आले तर हाच २४-०-२४ अधिक-उणे ३९ व्होल्टपर्यंत पोचतो. एलएम३८८६ या आयसीची सिग्नल असतानाची कमाल मर्यादा दोन टोकांत मिळून ८४ व्होल्ट, म्हणजे अधिक-उणे ४२ आहे. इथे निभावले, पण ‘थोडा जास्त आवाज निघेल’ म्हणून ३०-०-३० आणला तर ही मर्यादा केव्हाच ओलांडली जाते. टीडीए२०३० या आयसीची मर्यादा तर अधिक-उणे १८ व्होल्टच आहे. तिला १५-०-१५ जोडला तर लाइन अगदी २३० असली तरी २० व्होल्ट होतात आणि आयसी जाते. १२-०-१२ देखील तिला काठावरच बसतो.

करवीर, कागल किंवा शिरोळ तालुक्यातल्या गावात हा हिशेब जास्त जपून करावा लागतो. उसाचे पंप सुरू झाले की लाइनच्या शेवटच्या घरांत व्होल्टेज उतरते, पंप एकदम बंद झाले की उसळते. उतरलेल्या व्होल्टेजची चिंता करू नये: २३० चे २०० झाले तर वॅट सुमारे चौथाईने घटतात, कानाला ते जेमतेम कळते. आयसीचा जीव जातो तो चढलेल्या व्होल्टेजने. म्हणून ट्रान्सफॉर्मर नेहमी रात्रीच्या चढत्या लाइनवर मीटर लावून मगच पक्का करावा.

अँपिअरचा हिशेब त्यामानाने सोपा आहे. ४० वॅटचे दोन चॅनेल शुद्ध साइन वेव्हवर (सलग एकाच सुरावर) प्रत्येक बाजूकडून सरासरी दोन अँपिअर ओढतात. कपॅसिटर भरणारा करंट तुटक, टोकदार झटक्यांत वाहत असल्याने ट्रान्सफॉर्मरच्या ३ अँपिअरमधून डीसी करंट सलग जेमतेम पावणेदोन अँपिअर मिळतो. तरीही गाण्याला ३ अँपिअर पुरतात, कारण गाणे सतत शिखरावर नसते. चाचणीसाठी तासभर साइन वेव्ह चालवायची असेल तर ५ अँपिअरचा घ्यावा.

फिल्टरला प्रत्येक बाजूस १०,००० मायक्रोफॅरड दिले तर दोन अँपिअरला चढउतार २ व्होल्टच्या आसपास राहतो. ४७०० वर तो चारच्या पुढे जातो. १०,००० हूनही जास्त कपॅसिटर भरून स्पीकरमधली गुणगुण कमी होईल ही आशा सहसा फोल ठरते. ती बहुधा ग्राउंडच्या, म्हणजे शून्य व्होल्टच्या सामाईक वायरीच्या, चुकीच्या जोडणीमुळे असते. ब्रिज आणि कपॅसिटर यांच्यामधल्या वायरीत १०० हर्ट्झचे झटके वाहतात. इनपुटचे ग्राउंड त्या वायरीवर कुठेतरी मधेच जोडले की स्पीकरमधून ‘घूंऽऽ’ येणारच. ते कपॅसिटरांच्या मध्यबिंदूपासून वेगळी वायर काढून एकाच ठिकाणी न्यावे. चेसिस, म्हणजे पत्र्याची पेटी, मात्र थ्री-पिन प्लगच्या अर्थिंगला जोडलेलीच हवी. गुणगुण जाते म्हणून अर्थिंगची पिन काढून टाकणे हा जिवाशी खेळ आहे.

ट्रान्सफॉर्मर विकत घेताना तो हातात उचलून पाहावा. स्वस्त मालात तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार असते. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, त्यामुळे भार येताच व्होल्टेज कोसळते आणि ट्रान्सफॉर्मर तापतो. हवा तो आकडा बाजारात मिळत नसेल तर रिवाइंडिंगवाल्याकडून २२-०-२२ सारखा खास आकडा गुंडाळून घेता येतो. तार तांब्याची आणि वार्निश नीट मुरवलेले, या दोन गोष्टी आधीच ठरवून घ्याव्यात. कोल्हापूरच्या पावसाळ्यात वार्निश न केलेले वाइंडिंग दमट हवेत ओल धरते, आणि गाभ्याच्या सैल पट्ट्या गुणगुणतात त्या वेगळ्याच. पत्र्याची चेसिस वाकवून घ्यायला शिवाजी उद्यमनगरासारखी जागा शहरातच आहे, ही इथल्या हौशी माणसाची चैनच म्हणायची.

क्लास-डी बोर्डांना (चालू-बंद स्विचिंगने चालणाऱ्या ॲम्प्लिफायरना) एसएमपीएस बरा. टीपीए३११६ चा बोर्ड २६ व्होल्टपर्यंत चालतो, त्याला एलईडी बोर्डांसाठी मिळणारा २४ व्होल्टचा सप्लाय किंवा लॅपटॉपचा १९ व्होल्टचा ॲडॅप्टर लागू पडतो. २४ व्होल्टच्या जाळीदार डब्यावर व्होल्टेज कमीजास्त करणारा छोटा स्क्रू असतो. बोर्ड जोडण्याआधी मीटर लावून व्होल्टेज तपासावे. अर्थिंग नसलेल्या घरात अशा सप्लायवरच्या ॲम्प्लिफायरला हात लावला की झिणझिण्या येतात, तो एसएमपीएसच्या आतल्या लाइन-फिल्टरच्या छोट्या कपॅसिटरमधून गळणारा करंट असतो.

पहिल्यांदा वीज देताना सिरीज बोर्डावर, म्हणजे ॲम्प्लिफायरकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेतच, ६० किंवा १०० वॅटचा तारेचा बल्ब लावावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर कपॅसिटर भरले आणि सगळे ठीक आहे. उजळलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. एलईडी बल्ब यासाठी चालत नाही, म्हणून जुने बल्ब दिसतील तिथे घेऊन ठेवावेत. २४-०-२४, ३ अँपिअर म्हणजे ४८ गुणिले ३, १४४ व्होल्ट-अँपिअरच्या या ट्रान्सफॉर्मरला प्रायमरीत (२३० व्होल्टच्या बाजूला) १ अँपिअरचा स्लो-ब्लो (क्षणिक झटका सोसणारा) फ्यूज पुरतो. प्रत्येक बाजूच्या कपॅसिटरला समांतर २.२ किलोओहम, २ वॅटचा रेझिस्टर लावला की बंद केल्यावर साधारण एका मिनिटात कपॅसिटर रिकामे होतात, आणि मगच झाकण उघडावे.