लॅपटॉप चार्ज होत नाही? नवी बॅटरी घेण्याआधी हे तपासा

चार्जर लावलेला आहे, पण आकडा ६० वर अडून बसलाय; किंवा प्लगचं चिन्ह दिसतंय आणि टक्के मात्र उतरतच चाललेत. अशा वेळी बॅटरी गेली असंच आधी वाटतं. पण वीज बॅटरीपर्यंत पोचण्याआधी सॉकेट, अडॅप्टर, वायर, पिन, जॅक आणि मदरबोर्डवरचं चार्जिंग सर्किट एवढ्यांतून जाते. यातलं काहीही बिघडलं तरी लक्षण सारखंच दिसतं. म्हणून खर्च न येणाऱ्या गोष्टी आधी बघाव्यात.

सुरुवात टेबलावर ठेवून

लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवा. तो डुगडुगतोय का? टचपॅड वर उचललाय, क्लिक होत नाही, किंवा तळाच्या झाकणाची फट एका बाजूला रुंद झालीय? मग बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा आणि पुढची कोणतीही तपासणी करू नका. झाकण दाबून बसवू नका, बॅटरीला टोक लागू देऊ नका. फुगलेली बॅटरी बदलायचीच असते, ‘अजून चालतेय’ म्हणून वापरत राहू नका.

आकडा ६० किंवा ८० वरच थांबतो

हा बहुतेक वेळा बिघाड नसतो. बॅटरीचं आयुष्य वाढावं म्हणून कंपनीनेच दिलेली ती मर्यादा असते. लेनोव्होत ती ‘व्हँटेज’ अ‍ॅपमध्ये ‘कन्झर्वेशन मोड’ नावाने सापडते, आसुसमध्ये ‘मायआसुस’मध्ये, आणि एचपीच्या ऑफिससाठीच्या अनेक मॉडेलांत बायोसमधल्या (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमधल्या) ‘बॅटरी हेल्थ मॅनेजर’मध्ये. दिवसभर प्लगला लावूनच काम करत असाल तर ही मर्यादा राहू द्या, असा आमचा सल्ला. प्रवासाला निघण्याच्या आदल्या रात्री काढली तरी पुरे.

अडॅप्टर नीट बघा

आधी एक्स्टेंशन बोर्ड बाजूला ठेवून थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. मग अडॅप्टरवरच्या लेबलातली ‘आउटपुट’ची ओळ वाचा. १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर असेल तर गुणाकार ६५ वॅट. लॅपटॉपला ६५ लागत असताना ४५ वॅटचा अडॅप्टर लावला, तर लॅपटॉप बंद असताना चार्ज होईल, पण काम चालू असताना रेंगाळेल किंवा होणारच नाही.

डेलच्या गोल पिनवाल्या अडॅप्टरमध्ये एक खास गोष्ट असते. मोबाइलचा टॉर्च लावून पिनच्या आत बघा, मधोमध बारीक सुई दिसेल. अडॅप्टर किती वॅटचा आहे, हे या सुईवाटे लॅपटॉपला कळतं. ती वाकली, तुटली किंवा तिची वायर आत तुटली, की लॅपटॉप चालतो पण बॅटरी चार्ज होत नाही आणि कामही मंदावतं. सुरू करताना एफ-२ दाबून बायोसमध्ये अडॅप्टरचा प्रकार बघा. तिथे वॅटऐवजी ‘अननोन’ आलं, तर दोष अडॅप्टरमध्ये, सुईत किंवा जॅकमध्ये शोधायचा. मल्टिमीटर लावणार असाल तर सुई आणि आतली धातूची नळी एकमेकांना टेकू देऊ नका, नाहीतर ओळख देणारी चिपच जाते.

टाइप-सी लॅपटॉपला मोबाइलचा चार्जर लावून ‘चार्ज होत नाही’ अशी तक्रार नेहमी येते. बहुतेक लॅपटॉपना २० व्होल्ट लागतात आणि मोबाइलचे बरेच चार्जर ९ व्होल्टच्या वर जात नाहीत. केबलही बघा: साधी केबल ३ अँपिअर, म्हणजे ६० वॅटपर्यंतच पुरते.

लॅपटॉपला पिन लावताच अडॅप्टरचा दिवा विझत असेल, तर बहुधा जॅकमध्ये किंवा मदरबोर्डवर शॉर्ट आहे. पुन्हा पुन्हा लावून बघू नका.

जॅक आणि पोर्ट

पिन एका विशिष्ट कोनात धरली तरच चार्ज होतं? जॅक सैल झालाय किंवा त्याचं सोल्डर तडकलंय. कागदाची घडी खुपसून काम चालवू नका, तिथे ठिणगी पडून प्लास्टिक वितळतं. टाइप-सी पोर्टमध्ये खिशातला, बॅगेतला कापूस दाबून बसतो. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, लाकडी टूथपिकने हलकेच बाहेर काढा. सेफ्टी पिन नको. कोकणातल्या पावसाळी दमटपणात पोर्टच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो. तो घरी खरवडू नका.

एक साधा रीसेट

लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बाहेरून निघणारी बॅटरी असेल तर तीही काढा. पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. मग सगळं पुन्हा जोडून सुरू करा. चार्जिंग सांभाळणारी चिप अडकली असेल तर एवढ्याने सुटते.

आता बॅटरी

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा. इंग्रजीत ‘पॉवर’, त्याला लागून सी-एफ-जी, एक जागा सोडून पुढे झुकलेली तिरकी रेघ, आणि तिला लागून ‘बॅटरीरिपोर्ट’ असं टाइप करून एंटर दाबा. फाइल कुठे तयार झाली ते तिथेच दिसतं. तिच्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ या दोन ओळी बघा. पहिली ४१,००० आणि दुसरी २४,६०० असेल तर बॅटरीत ६० टक्के जीव उरलाय. ८० च्या वर असेल तर बॅटरी बदलू नका, दोष दुसरीकडे आहे. ५० च्या खाली असेल तर बदला.

लॅपटॉप महिनोन्‌महिने पडून असेल तर सेल फार खाली उतरतात. मूळ चार्जर लावून तासभर ठेवा, कधीकधी शून्यावरून हळूहळू चढतो. नाही चढला, तर बाहेरून वायर जोडून बॅटरी ‘जागी’ करायचा खटाटोप अजिबात करू नका. अतिउतरलेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळतं आणि नंतर चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो.

उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भात, दुपारी चार्जिंग थांबून रात्री नीट होत असेल तर कारण उष्णता आहे. सेल साधारण ४५ अंशांवर गेले की चार्जिंग रोखलं जातं. गादीवरून उचलून टेबलावर ठेवा.

नवी बॅटरी घेताना जुन्या स्टिकरवरचा पार्ट नंबर आणि व्होल्ट जुळवा. १०.८ आणि ११.१ एकाच जातीचे, पण १४.८ तिथे चालत नाही. जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती इतर कचऱ्यापासून वेगळी द्यायची असते. तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावून आमच्याकडे आणली तरी चालेल.

दुरुस्तीला येताना लॅपटॉपबरोबर रोजचाच अडॅप्टर आणि केबल आणा. आमच्या अडॅप्टरवर लॅपटॉप चार्ज झाला, तर दोष कुठे आहे ते तुमच्यासमोरच कळतं.