कंगवा, 580 व्होल्ट आणि मुंबईची हवा

सातवीत असताना बाईंनी कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलून दाखवायचा प्रयोग केला होता. शाळा परळची, महिना जुलैचा, बाहेर धो धो पाऊस. बाईंनी कंगवा घास घास घासला, पण कपटे ढिम्म हलेनात. "दिवाळीनंतर करू," म्हणून त्यांनी कंगवा पर्समध्ये टाकला आणि अख्खा वर्ग हसला. या बाई मला परवा पुन्हा आठवल्या, त्याचं कारण माझा हेडफोन.

हा हेडफोन इलेक्ट्रोस्टॅटिक जातीचा, म्हणजे त्याच कंगव्याच्या भाऊबंदांपैकी. साध्या हेडफोनमध्ये चुंबक असतो, तारेचं वेटोळं असतं आणि वेटोळ्याला चिकटवलेला पडदा असतो. इथे चुंबक नाही, वेटोळंही नाही. एक-दोन मायक्रॉन जाडीचा प्लास्टिकचा पडदा असतो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करा. पडद्याच्या दोन्ही अंगांना जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर धातूची एकेक जाळी. पडद्यावर विद्युतभार कायमचा बसवून ठेवायचा आणि गाण्याचा सिग्नल जाळ्यांना द्यायचा, एकीला सुलट तर दुसरीला उलट. एक ओढते तेव्हा दुसरी ढकलते. हा जोर पडद्याच्या सगळ्या पृष्ठभागावर एकसारखा लागतो आणि पडद्याला वजन जवळजवळ नसल्यामुळे तो सांगितल्याबरोबर हलतो, सांगितल्याबरोबर थांबतो. तानपुऱ्याची जवारी यावर ऐकली की नेहमीचे हेडफोन रजई पांघरून गातात असं वाटायला लागतं.

स्टॅक्स या जपानी कंपनीने असा हेडफोन 1960 साली बाजारात आणला. आज त्यांच्या हेडफोनच्या पडद्यावर 580 व्होल्ट असतात. आकडा ऐकून कानाला हात लावू नका. हे व्होल्ट पडद्यापर्यंत काही मेगओहमच्या रेझिस्टरमधून, म्हणजे प्रवाहाला अडवणाऱ्या भागातून, पोचतात. रेझिस्टर 4.7 मेगओहमचा असेल, तर काहीही झालं तरी त्यातून 0.12 मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जाऊच शकत नाही. या रेझिस्टरचं खरं काम मात्र वेगळंच आहे. पडदा एका जाळीकडे सरकला की त्यावरचा भार कमीजास्त व्हायला बघतो, आणि तसं झालं तर आवाज बिघडतो. पण वाट इतकी अरुंद, की भाराला चटकन येता-जाता येत नाही. सकाळी आठच्या विरार लोकलमध्ये आत अडकलेल्या माणसाला दादरला उतरता येत नाही, तसंच हे.

आता ॲम्प्लिफायर, जो मी घरीच बांधला. 32 ओहमच्या साध्या हेडफोनला एक मिलिवॅट द्यायला 0.18 व्होल्ट पुरतात, म्हणून मोबाइल त्याला सहज हाकतो. इलेक्ट्रोस्टॅटिकला तेवढाच मोठा आवाज काढायला दोन जाळ्यांमध्ये शंभर व्होल्टच्या घरात सिग्नल लागतो. प्रवाह मात्र नगण्य, कारण हा हेडफोन विजेच्या दृष्टीने नुसता एक छोटा कपॅसिटर, म्हणजे भार साठवणारा भाग आहे, केबल धरून साधारण 110 पिकोफॅरडचा. 10 किलोहर्ट्झला, शंभर व्होल्ट दिले तरी, तो 0.7 मिलिअँपिअर घेतो.

व्होल्ट भरपूर, प्रवाह चिमूटभर. जुन्या रेडिओतला काचेचा व्हॉल्व्ह जन्माला आला तो नेमका या कामासाठी, असंच म्हणावंसं वाटतं. त्याच्या कॅथोडला सातशे-आठशे अंशांपर्यंत तापवलं की इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि काही शे व्होल्टच्या प्लेटकडे धावतात; वाटेतली ग्रिड नावाची जाळी त्यांना कमीजास्त सोडते. लाउडस्पीकर चालवायचा तर व्हॉल्व्हला प्रवाह कमी पडतो, म्हणून मध्ये जड, महागडा आउटपुट ट्रान्सफॉर्मर घालावा लागतो. इथे त्याची गरजच नाही. व्हॉल्व्हचा आवाज 'उबदार' असतो म्हणून लोक तो वापरतात, हे मला कधीच पटलं नाही. उच्च व्होल्टेजचे मॉसफेट, म्हणजे एका जातीचे ट्रान्झिस्टर, घालूनही हे काम उत्तम होतं. पण घरी, सोल्डरिंग आयर्न घेऊन बसणाऱ्याला चूक माफ करतो तो व्हॉल्व्ह. मॉसफेट क्षणात जळतो आणि कळवतही नाही. सेनहायझरने 1991 मध्ये ऑर्फिअस नावाचा इलेक्ट्रोस्टॅटिक संच काढला, जेमतेम तीनशे नग, तेव्हा त्यांनीही ॲम्प्लिफायर व्हॉल्व्हचाच दिला होता.

माझा आराखडा साधा. प्रत्येक कानाला दोन व्हॉल्व्ह, एक ईसीसी83 आणि एक 6एसएन7. दोन्हींच्या आत दोन-दोन ट्रायोड, म्हणजे कॅथोड-ग्रिड-प्लेटचे संच असतात, ते तराजूच्या पारड्यांसारखे जोडायचे: एक वर गेला की दुसरा तेवढाच खाली. जाळ्यांना हवा असलेला सुलट-उलट सिग्नल आपोआप मिळतो. पहिली पायरी पन्नासेक पट वाढवते, दुसरी पंधरा पट. चार व्हॉल्व्ह नुसते तापवायला अकरा वॅट जातात, हेडफोनला पोचते ती शक्ती मोजण्याच्याही लायकीची नाही. मे महिन्यात हा हिशेब घरच्यांना समजावून सांगायला जाऊ नये.

सामान लॅमिंग्टन रोडला मिळालं. ईसीसी83 बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने, खोक्यासकट. दुकानातल्या काकांनी आधी "गिटारवाले का?" असं विचारलं आणि मग 630 व्होल्टचे कपॅसिटर शोधायला माळ्यावर चढले. ट्रान्सफॉर्मर मात्र वाइंडिंगवाल्याकडून करून घ्यावा लागला.

पहिल्यांदा चालू करताना मी सिरीज बल्ब, म्हणजे विजेच्या वाटेतच जोडलेला साधा बल्ब, लावला होता. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि पुढचं सामान वाचतं. माझा बल्ब पेटला, कारण एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (याला धन-ऋण टोकं असतात) मी उलटा बसवला होता. बल्ब नसता तर तो फटाक्यासारखा फुटला असता. व्हॉल्व्हच्या प्लेटला काही शे व्होल्ट पुरवणारा सप्लाय हा या प्रकल्पातला खरा धोका. शंभर मायक्रोफॅरडचा कपॅसिटर चारशे व्होल्टवर आठ ज्यूल धरून ठेवतो, आणि प्लग काढला तरी ते तिथेच असतात. म्हणून त्याच्या दोन टोकांना 220 किलोओहमचा रेझिस्टर कायमचा लावायचा, प्लग काढून दोन मिनिटं चहा प्यायचा, मीटरने मोजायचं आणि मगच आत हात घालायचा, तोही एकच. दुसरा खिशात, म्हणजे प्रवाहाला छातीतून वाट मिळत नाही. हातात हा सराव बसला नसेल तर या वाटेला जाऊ नका, असं मी मित्रांनाही स्पष्ट सांगतो.

मग घुमघुम. पन्नास हर्ट्झची, अगदी तळातली. दोन रविवार मी सप्लायचे कपॅसिटर बदलत बसलो आणि दोष होता फिलामेंटच्या, म्हणजे व्हॉल्व्ह तापवायला वीज नेणाऱ्या, तारांमध्ये. त्या सरळ टाकल्या होत्या. त्यांना घट्ट पीळ देऊन चासीच्या, म्हणजे धातूच्या सांगाड्याच्या, कोपऱ्यातून नेल्या, की दोन तारांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खातात. घुमघुम गेली.

नंतर आला जुलै. एका रात्री डावा कान बारीक होत गेला, अर्ध्या तासात जवळजवळ मुका. व्हॉल्व्ह डावे-उजवे बदलून पाहिले, दोष तिथेच. म्हणजे दोष हेडफोनमध्ये. आत शिरलेल्या एखाद्या धुळीच्या तंतूने ओल धरली की पडद्यावरचा भार त्यावरून जाळीकडे गळतो, आणि मेगओहमच्या अरुंद वाटेने तो भरून येण्याआधीच निघून जातो. भार नाही तर ओढ नाही, आणि ओढ नाही तर आवाज नाही. बाईंचा कंगवाही असाच गळत होता.

हेडफोन पोळ्यांच्या मोठ्या स्टीलच्या डब्यात ठेवला, सोबत सिलिका जेलच्या आठ पुड्या, झाकण घट्ट. दोन दिवसांनी काढून लावला तेव्हा डावा कान उजव्याबरोबर होता. पोळ्या तेवढे दोन दिवस ताटाखाली झाकून ठेवाव्या लागल्या.